लिंबू सोलणाऱ्या बाईचा हात

पांढुर्ण्याला आमचे ड्रॉइंगचे सर राहतात. सरकारी शाळेतून निवृत्त झाले, बायको गेली, मुलगा भोपाळला नोकरीला आहे. त्यांच्या पुढच्या खोलीत भिंतीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत एक नायलॉनची दोरी बांधलेली आहे आणि तिला कपड्यांचे चिमटे लावलेले आहेत. शिकणाऱ्याचे एखादे चित्र सरांच्या मनाला आले की ते चिमट्याला लागते. नाही आले तर ते काही बोलत नाहीत, कागद परत देतात. चिमटे अकरा आहेत. मी जायला लागलो तेव्हा तीन भरलेले होते, तेही फार जुन्या विद्यार्थ्यांचे, कागद पिवळे पडलेले.

मी सौंसरला सिंचन खात्याच्या कार्यालयात ड्राफ्ट्समन आहे. तलावांचे, कालव्यांचे नकाशे काढणे हे माझे काम. आता ते सगळे कॉम्प्युटरवर होते, पण मी हाताने काढायला शिकलेला माणूस आहे. टी-स्क्वेअर, सेट-स्क्वेअर, शाईचे पेन माझ्या कपाटात अजून आहेत आणि शर्टाच्या खिशात सहा इंची स्टीलची पट्टी असते. बायकोचे माहेर जाम नदीच्या पलीकडे सावरगावला. तीन वर्षांपूर्वी एका रविवारी तिच्या भावाकडे गेलो असता तो मला सरांकडे घेऊन गेला, कारण त्याला वाटले की आम्ही दोघेही रेघा ओढणारे, आमचे जमेल. त्याच दिवशी मी ते पुस्तक पाहिले.

पुस्तक जाडजूड आहे, कव्हर नाही, पहिली चौदा पाने नाहीत. सरांनी ते ऐन उमेदीत नागपूरच्या फुटपाथवरून घेतले. त्यात तीनशे-साडेतीनशे वर्षांपूर्वीची युरोपातली चित्रे आहेत, रंगीत. पहिल्यांदा पाने उलटली तेव्हा मी एका पानावर थांबलो. काचेचा पेला, त्यात पाणी, पाण्यात खिडकी. कोणी माणसाने हे हाताने केले आहे, कॉम्प्युटरशिवाय, आणि एक रेघ चुकलेली नाही. मला वाटले, हे माझ्या जातकुळीचे काम आहे. हे मला येईल.

त्या दिवसापासून मी दर रविवारी सकाळच्या बसने पांढुर्ण्याला जायला लागलो. तीन वर्षांत चुकलेले रविवार एकोणीस, त्यातले चार निवडणुकीच्या ड्यूटीचे. सरांची पद्धत जुनी होती. ते म्हणायचे, आधी थोरांची नक्कल करा, पुष्कळ करा, मग आपोआप कळते त्यांनी काय केले. मी नक्कल चौकोन पाडून करत असे. चित्राची लांबी चोवीस सेंटिमीटर, रुंदी वीस, दोन-दोन सेंटिमीटरचे चौकोन पाडले की एकशेवीस होतात. मग कागदावर तेवढेच चौकोन पाडायचे आणि एकेक चौकोन भरत जायचा. तीन वर्षांत माझे सदतीस कागद झाले. त्यातले नऊ एकाच चित्राचे. ते सरांचे आवडते चित्र होते, म्हणून मी त्याच्या मागे लागलो.

चित्रात एक स्वयंपाकघर आहे. डावीकडे खिडकी. खिडकीच्या उजेडात एक मध्यम वयाची बाई टेबलाशी बसून सुरीने लिंबू सोलते आहे. त्यांच्याकडचे लिंबू मोठे, जाड सालीचे. साल एकसंध निघते आहे आणि टेबलाच्या कडेवरून गोल गोल वळणे घेत खाली लोंबते आहे. बस, एवढेच.

माझे नऊ कागद सरांनी एकेक करून पाहिले आणि परत दिले. नवव्याला ते म्हणाले, "इंजिनियरसाहेब, मापात कुठेच कमी नाही."

"मी इंजिनियर नाही सर, ड्राफ्ट्समन आहे."

"तेच तर म्हणून राहिलो," सर म्हणाले.

बायको माझ्याबरोबर यायची ती माहेरी जायला. मला सरांच्या दारात सोडून ती पूल ओलांडून सावरगावला जायची आणि दुपारी मला घ्यायला परत यायची. माझे आटोपले नसेल तर दाराजवळच्या खुर्चीवर बसून वाट पाहायची. तिने कधी हातात पेन्सिल धरली नव्हती, रांगोळी सोडली तर. गेल्या दिवाळीनंतरच्या एका रविवारी ती अशीच बसली होती आणि पुस्तक तिच्या मांडीवर होते. सरांनी सहज विचारले, "काय दिसते बाई?"

"मले काय समजते जी त्यातलं."

"समजायचं नाही. दिसते काय ते सांगा."

तिने पुन्हा पाहिले. तेच पान होते. मग म्हणाली, "ही बाई सकाळपासून बसली नाही. आत्ता बसली. आणि बसून राहणार नाही, उठणार आहे लगेच."

"कशावरून?"

"पाय पहा ना. एक पाय मागे घेतलेला आहे. मी पण अशीच बसते, कुकरची शिट्टी व्हायची असली का."

सरांनी खुर्ची तिच्याजवळ ओढली आणि चष्मा वर करून पान पाहिले. मीही पाहिले. मागे घेतलेला पाय नवव्या ओळीत, पाचव्या चौकोनात होता. मी तो नऊ वेळा काढला होता. पाय मागे आहे हे मला ठाऊक होते. बाई उठणार आहे हे ठाऊक नव्हते.

सर तिला पुढची पाने दाखवत गेले. ती सांगत गेली. या म्हाताऱ्याला ऐकू कमी येते, मान पहा. हा नवरदेव आहे, पण कपडे दुसऱ्याचे आहेत, बाह्या पहा. सर मधूनच हसायचे. मी माझ्या कागदावर शेवटचा चौकोन भरत बसलो होतो आणि माझी पेन्सिल दोनदा तुटली. त्या दिवशी बस चुकली, कारण सरांनी आम्हाला सोडलेच नाही. निघताना ते तिला म्हणाले, "पुढच्या रविवारी सावरगावला जाऊ नका. इथेच बसा." मला ते काही म्हणाले नाहीत. मी तर येणारच होतो.

पुढच्या रविवारी सरांनी दोघांनाही एक काम दिले. लिंबूवाले चित्र दहा मिनिटे पाहायचे, मग पुस्तक बंद. आठवडाभर ते चित्र कुठेच पाहायचे नाही, फोनवरही नाही. येत्या रविवारी समोर बसून आठवणीने काढायचे.

हे मला अवघड वाटले नाही. ती दहा मिनिटे मी चित्रावर नाही, वहीवर घालवली. चित्रातले महत्त्वाचे अठ्ठेचाळीस बिंदू घेतले, डावीकडून किती आणि वरून किती. डोक्याचा वरचा बिंदू, हनुवटी, खांदा, कोपर, सुरीचे टोक, सालीची वळणे. आठवडाभर ऑफिसला जाताना-येताना मी तो तक्ता पाठ केला. चित्र पाहिले नाही, वचन पाळले. बायको त्या आठवड्यात काय करत होती ते मला दिसत होते. काहीच करत नव्हती. भाजी निवडत होती, कपडे वाळत घालत होती. एकदा फक्त ती ओट्याजवळ उभी राहून रिकाम्या हाताने सोलल्यासारखे काहीतरी करत होती. मी विचारले, "काय करून राहिली?" तर म्हणाली, "काही नाही, सुरी कोणत्या हातात होती ते पाहून राहिली."

रविवारी मी पाऊण तासात चित्र काढले. अठ्ठेचाळीस बिंदू मांडले, जोडले. सरांनी पुस्तक उघडून शेजारी ठेवले. कुठेही दोन मिलिमीटरपेक्षा जास्त फरक नव्हता. सर बराच वेळ पाहत राहिले. मग म्हणाले, "हे तुम्ही पाहिलं नाही. हे तुम्ही पाठ केलं."

"आठवणीनेच काढलं सर."

"आठवणीनेच," ते म्हणाले आणि कागद परत दिला.

बायकोचे चित्र एका जुन्या कॅलेंडरच्या मागच्या बाजूवर होते, कारण तिने नवा कागद वाया घालवायला नकार दिला होता. खिडकी वाकडी होती. टेबलाचे चार पाय चार दिशांना होते. पण बाई बसली होती. आत्ता बसली होती आणि लगेच उठणार होती. आणि तिच्यापुढे टेबलावर सालीची वळणे नव्हती. सालीचे तीन-चार जाड तुकडे पडले होते, वाटीसारखे, आतून पांढरे.

"साल तुटली तुमची," सर म्हणाले.

"तुटणारच ना जी. संत्र्याची साल अशीच निघते."

"संत्रं नाही, लिंबू आहे ते."

बायकोने पुस्तकाकडे पाहिले आणि तोंडावर पदर धरला. "अगं माय. माझ्या डोक्यात संत्रंच होतं."

सर हसले. किती हसले ते सांगत नाही, पण त्यांना चष्मा काढून डोळे पुसावे लागले. आमच्या भागात लहान पोर असो की म्हातारा, कोणी काही सोलत असेल तर ते संत्रेच असते. सावरगावच्या मळ्यात वाढलेल्या बाईने ते आठवणीत बदलून टाकले आणि तिला पत्ताही लागला नाही. मी म्हणालो, "सर, ही तर चूक आहे. मूळ चित्रात नाही ते."

"हो, चूक आहे," सर म्हणाले. "पण तीनशे वर्षांनी त्या माणसाच्या चित्रात कोणीतरी हात घातला." आणि ते उठले आणि कॅलेंडरचा तो कागद त्यांनी चौथ्या चिमट्याला लावला.

बसमध्ये बायको खिडकीतून बाहेर पाहत होती आणि तिच्या चेहऱ्यावर जे होते ते लपवत होती. माझ्यासाठी लपवत होती, हे मला समजत होते आणि त्याचाच जास्त राग येत होता. ती म्हणाली, "सरांनी माझं मन राखायला लावलं असंन."

मी म्हणालो, "हो, असेल."

एवढेच म्हणालो. पण ते म्हणताना मला बरे वाटले. तिचा चेहरा थोडा उतरला आणि मला अजून बरे वाटले.

आता जे सांगायचे आहे ते मी आजवर कोणाला सांगितले नाही, ज्या दोघांना कळले ते सोडून. पुढच्या शुक्रवारी मी घरी सांगितले की सरांचा फोन आला होता, त्यांना बरे नाही, या रविवारी वर्ग नाही, मी फक्त त्यांची औषधे पोहोचवून लगेच येतो. सरांचा फोन आला नव्हता. रविवारी मी एकटा पांढुर्ण्याला गेलो आणि सरांना सांगितले की तिच्या भावाच्या बागेत संत्र्याच्या आंबिया बहाराची तोड सुरू आहे, ती तिकडे मदतीला गेली आहे, महिनाभर तरी जमणार नाही. तोड खरोखरच सुरू होती. खोट्याला खरी बाजू लावली की ते खोटे वाटत नाही, हे मी त्या दिवशी शिकलो. सर म्हणाले, "बरोबर आहे, कामाचे दिवस आहेत." आणि दोरीकडे पाहून म्हणाले, "पण बाईंना सांगा, हात सोडू नका म्हणा."

मी सांगितले नाही.

त्या दिवशी सर पाणी आणायला आत गेले असताना मी बायकोच्या चित्राचा फोटो काढला. कशासाठी, ते मला स्पष्ट माहीत होते. मला ती चुकलेली आहे हे आकड्यांत हवे होते. दुसऱ्या दिवशी सौंसरच्या झेरॉक्सच्या दुकानात मी त्या फोटोची मोठी प्रत काढून घेतली आणि ऑफिसच्या जेवणाच्या सुट्टीत टेबलावर पसरून, खिशातली पट्टी काढून, मोजायला बसलो.

खिडकीची चूक उघड होती, ती मोजण्यात मजा नव्हती. मी बाईच्या अंगाकडे वळलो. डोके, टाळूपासून हनुवटीपर्यंत, अडीच सेंटिमीटर. सरांनीच शिकवले होते की खांद्यापासून कोपरापर्यंतचा हात डोक्याच्या साधारण दीडपट असतो. म्हणजे पावणेचार सेंटिमीटर हवा होता. तिने काढलेला हात होता चार पूर्णांक सहा. जवळजवळ एक सेंटिमीटर जास्त. माकडासारखा हात. मी ते प्रतीवर लाल पेनाने लिहिले आणि खाली दोन रेघा मारल्या. ऑफिसमधल्या चहावाल्याने विचारले, साहेब आज खूष दिसून राहिले. मी होतो खूष.

मग, हिशेब पूर्ण असावा म्हणून, मूळ चित्रही मोजावे असे वाटले. तिची चूक किती मोठी हे दाखवायला खरा आकडा शेजारी हवा. संध्याकाळी घरी येऊन मी माझ्या नऊ कागदांपैकी शेवटचा काढला. तो मूळ चित्राशी मिलिमीटरला मिलिमीटर जुळत होता, हे मी स्वतः तपासले होते. डोके तीन सेंटिमीटर. खांदा ते कोपर, पाच पूर्णांक चार.

मी पुन्हा मोजले. पाच पूर्णांक चार. दीडपटीने साडेचार हवा होता. फोनवर ते चित्र शोधले, परदेशातल्या संग्रहालयाने मोठे करून ठेवलेले, बोटांनी ताणले की रंगाच्या भेगासुद्धा दिसतात. स्क्रीनवर पट्टी ठेवली. तेच प्रमाण. तीनशे वर्षांपूर्वीच्या त्या मोठ्या चित्रकाराने बाईचा हात एक अष्टमांश नाही, दशांश नाही, पंचमांशाने लांब काढला होता. आणि मी तो लांब हात नऊ वेळा, चौकोनाचौकोनाने, अगदी बरोबर उतरवला होता आणि तो लांब आहे हे मला एकदाही दिसले नव्हते. चौकोनात हात नसतोच. चौकोनात एक तिरपी रेघ असते.

माझ्या बायकोने तो एकूण दहा-वीस मिनिटे पाहिला होता. तिने लिंबाचे केले संत्रे, खिडकी वाकडी केली, सगळे चुकवले, पण हात लांब ठेवला.

मला आणखीही एक गोष्ट तिथे बसल्या बसल्या कळली, ती लिहितो. तीन वर्षांत कोणतेही चित्र मी जितके बारकाईने पाहिले नाही तितके मी त्या झेरॉक्सकडे पाहिले होते. थोर चित्रकारांच्या चित्रांत मी काही शोधत नव्हतो, नुसते उतरवत होतो. तिच्या चित्रात मी खोट शोधत होतो. म्हणून दिसले.

हे कळल्यावर मी पुढच्या रविवारी तिला बरोबर घेऊन गेलो, असे लिहिता आले असते तर बरे झाले असते. मी तसे केले नाही. दुसऱ्या रविवारीही मी तेच खोटे सांगितले, तिसऱ्या रविवारीही. उलट आता मला जास्त भीती वाटत होती. आधी वाटत होते की सरांनी तिला उगीच चिमटा दिला. आता माझ्याजवळ आकडे होते की उगीच दिला नाही.

तिसऱ्या रविवारी संध्याकाळी मी घरी आलो तेव्हा ती पोळ्या करत होती. मला पाणी दिले, पोळ्यांकडे वळली आणि म्हणाली, "सरांची तब्येत कशी आहे?"

"तशीच. थोडी नरम आहे."

"दादाचा फोन होता. म्हणे सर आज दुपारी सायकलवर आले होते बागेत. संत्री घेऊन गेले. विचारून राहिले होते, बाई कुठे आहे, तोडीला आली म्हणे. दादा म्हणे, तोडीला? ती तर महिन्याभरापासून आलीच नाही."

तिने पोळी उलटली.

"तुम्ही तर कधीच खोटं बोलत नाही," ती म्हणाली. "दुकानदाराने दोन रुपये जास्त दिले तरी परत जाता. मग काहून जी?"

मला वाटले होते, ती चिडेल, तर मीही चिडेन आणि मग निभावेल. ती चिडली नाही. मी म्हणालो, "तुझं चित्र लागलं."

"लागलं तर?"

"माझी सदतीस झाली."

तिने गॅस बंद केला. तव्यावर अर्धी पोळी तशीच होती. "मले वाटलं होतं," ती म्हणाली, "का मी आता काहीतरी बोलली तर तुम्हाला आवडंन. इतके दिवस तुम्ही त्या पुस्तकाबद्दल बोलायचे अन् मी नुसती हो हो म्हणायची. आता मले पण बोलता येईन, असं वाटलं होतं."

तीन दिवस आम्ही जेवण, वीज, सिलेंडर एवढेच बोललो.

चौथ्या रविवारी ती माझ्या आधी तयार होऊन बसली. बसमध्ये आम्ही शेजारी होतो. तिगावचा फाटा मागे गेल्यावर मी विचारले, "तू त्या बाईचा हात लांब का काढला?"

"लांब आहे का?"

"आहे. मूळ चित्रातही आहे. मी मोजला."

तिने थोडा वेळ स्वतःच्या हाताकडे पाहिले. मग म्हणाली, "माहेरी आम्ही दिवस दिवस संत्री निवडायचो. मोठी इकडे, बारकी तिकडे, डागाची बाजूला. संध्याकाळी हात असा लोंबायचा का वाटायचं खांद्यापासून खाली उतरला. बसली ना ती काम करून करून. तिचा पण उतरला असंन." आणि मग, खिडकीकडे तोंड करून, "तुम्ही माझं चित्र मोजलं?"

"हो."

"मोजा. तुम्हाला दुसरं काय येते."

सरांच्या दारात पोहोचल्यावर मी चपला काढायच्या आधीच त्यांना सगळे सांगितले. वेळ गेला असता तर सांगितले नसते. ती तोडीला गेली नव्हती, घरी मी सरांच्या आजाराचे सांगितले होते, मी दोघांना दोन खोटी सांगितली, तीन रविवार. सर उंबऱ्यातच उभे होते. ते म्हणाले, "मी शाळेत बत्तीस वर्षं होतो. पोरं एकमेकांची रंगपेटी लपवायची." मग बाजूला सरकून बायकोला म्हणाले, "या बाई, आत या." मला "या" म्हणायला त्यांना जरा वेळ लागला.

त्यानंतरचे महिने मी मनापासून प्रयत्न केला, हे मला सांगितले पाहिजे. चौकोन सोडले. एकदा एक कपडे धुणारी बाई नुसत्या डोळ्यांनी काढली आणि तिचा हात लांब केला. मला वाटले, आता समजले आहे, आता लागेल. सरांनी कागद धरला आणि म्हणाले, "हात लांब आहे."

"हो सर."

"हाही मोजूनच लांब केला ना?"

मी खिशातल्या पट्टीवर हात ठेवला.

"किती?"

"एक सेंटिमीटर दोन मिलिमीटर."

बायको खुर्चीवर बसून पेन्सिलीला टोक करत होती. ती हसली. त्या पोळीच्या संध्याकाळनंतर ती माझ्यामुळे पहिल्यांदा हसली होती, म्हणून मला वाईट वाटायला हवे होते की बरे, हे मला ठरवता आले नाही. सर मात्र हसले नाहीत. त्यांनी माझ्या खिशातली पट्टी हात पुढे करून मागून घेतली आणि टेबलाच्या खणात टाकली. पुस्तकाची पुष्कळ पाने उलटून त्यांनी मी कधी न काढलेले एक चित्र उघडले आणि ते माझ्याकडे वळवले.

"बाईंना नाही विचारणार. तुम्ही सांगा. काय दिसते?"

एक खोली. एक तरुण बाई खाली मान घालून कापडावर भरतकाम करते आहे, बोटांत बारीक सुई. तिच्या मागे एक पुरुष, अंगात काळे कपडे, हातात टोपी. दुसरा हात तिच्या खुर्चीच्या पाठीवर. खिडकी डावीकडे. मी नेहमीसारखा खिडकीच्या कडेपासून सुरुवात करणार होतो. मग थांबलो आणि त्या माणसाच्या तोंडाकडे पाहिले. बराच वेळ पाहिले. सरांनी घाई केली नाही.

"हा माणूस रागावला आहे," मी म्हणालो. "त्या बाईवर."

सरांनी मान हलवली, हो की नाही ते कळले नाही. मला मात्र आतून फार बरे वाटले, कारण हे मी मोजले नव्हते. मला दिसले होते.

बायको उठून माझ्या खांद्यावरून वाकून पाहत होती. "राग नाही जी तो," ती म्हणाली. "जळून राहिला तो."

"कशावरून?" सरांनी विचारले.

"हात पहा ना खुर्चीवरचा. ठेवला पण टेकवला नाही. ती काम करून राहिली अन् याले समजून नाही राहिलं, आपला हात कुठे ठेवायचा."

मी पाहिले. हात खुर्चीच्या लाकडापासून केसभर वर होता. तिचे बरोबर होते. आणि हे मला आधी का दिसले नाही, याचा मला तिथेच, ती माझ्या खांद्याशी उभी असताना, पुन्हा राग आला.